विशेष मूल घेऊन बंगळुरूत येताना

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीला लागणारी जवळजवळ प्रत्येक सेवा बंगळुरूत आहे. मात्र त्या एका छताखाली नाहीत. निदान एका रुग्णालयात होते, प्रमाणपत्र दुसरीकडून मिळते, थेरपी तिसऱ्या ठिकाणी चालते, शाळेची वाट वेगळी आणि अठराव्या वर्षानंतरच्या पालकत्वाची कचेरी आणखी वेगळी. या सगळ्यांना जोडणारा सरकारी माणूस नेमलेला नसतो, त्यामुळे ते काम घरातल्याच कुणाला तरी करावे लागते. शहरात बरीच वर्षे राहिलेल्या मराठी कुटुंबांचे सांगणे असे की इथे खरा प्रश्न सेवा सापडण्याचा नसतो, कोणते काम आधी आणि कोणते नंतर करायचे हा असतो. क्रम चुकला की वर्ष हातचे जाते, आणि लहान मुलाच्या बाबतीत वर्ष फार मोठे असते.

निघण्यापूर्वी

पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूर सोडण्याआधी मुलाची फाइल पूर्ण करावी. जन्माच्या वेळचे रुग्णालयाचे कागद, श्रवणचाचणीचा बेरा अहवाल, ईईजी, एमआरआय, आतापर्यंतच्या बुद्ध्यंक आणि विकास चाचण्या, थेरपिस्टच्या नोंदी, शाळेत केलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा या सगळ्यांच्या मूळ प्रती आणि स्कॅन जवळ ठेवावेत. विशेष शिक्षिकेकडून एक पानभर टिपण लिहून घेतले तर ते अहवालांइतकेच उपयोगी पडते. मूल काय स्वतः करते, कशाला घाबरते, काय दाखवले की शांत होते, हे कोणत्याही चाचणीच्या अहवालात नसते. फिट्सची औषधे चालू असतील तर दोन महिन्यांचा साठा आणि औषधांची मूळ नावे असलेली चिठ्ठी सोबत हवी; नवा डॉक्टर मिळेपर्यंत गोळी चुकता कामा नये.

महाराष्ट्रात पूर्वी ‘एसएडीएम’ या राज्याच्या संगणकप्रणालीवरून दिव्यांग प्रमाणपत्रे निघत. ज्यांच्याकडे अजून तेच आहे त्यांनी निघण्यापूर्वी त्याचे केंद्राच्या यूडीआयडी कार्डात, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या देशव्यापी ओळखपत्रात, रूपांतर करून घ्यावे. जून 2021पासून देशभर प्रमाणपत्र यूडीआयडी पोर्टलवरूनच देणे बंधनकारक आहे. मूळ नोंद ज्या जिल्ह्यात आहे तिथे राहात असतानाच हे काम सोपे जाते. दुसऱ्या राज्यातून जुन्या नोंदीची खातरजमा करून घेणे कटकटीचे असते.

कोण कोणत्या कायद्यात

दोन कायदे माहीत असावे लागतात, कारण प्रत्येक योजनेच्या तळाशी त्यांपैकी एक असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा मोठा कायदा. तो 19 एप्रिल 2017 रोजी अमलात आला आणि त्यात 21 प्रकारची दिव्यांगता मोजली आहे. बहुतेक सवलती 40 टक्के आणि त्याहून अधिक दिव्यांगतेला लागू होतात. दुसरा राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999. तो फक्त चार अवस्थांसाठी आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. निरामय आरोग्य विमा आणि अठरा वर्षांनंतरचे कायदेशीर पालकत्व या दुसऱ्या कायद्यातून येतात.

म्हणून वाचन-लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला 2016च्या कायद्याचा आधार मिळतो, पण निरामय मिळत नाही. केवळ एडीएचडी असेल तर ती 21च्या यादीतही नाही. शाळेत मिळणारी मदत तेव्हा शाळेच्या आणि परीक्षा मंडळाच्या नियमांवर अवलंबून राहते. बरीच कुटुंबे हा भेद न कळल्याने चुकीच्या खिडकीसमोर उभी राहतात.

तपासणी आणि तिची भाषा

बंगळुरूत पहिले नाव निघते ते होसूर रस्त्यावरच्या निम्हान्सचे. 1974 साली जुने मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था एकत्र येऊन ही संस्था झाली. तिथल्या बाल व किशोर मानसोपचार विभागात देशभरातून मुले येतात. गर्दी मोठी असते, पूर्ण दिवस हाताशी ठेवूनच जावे, आणि मुलासाठी खाऊ, पाणी, कानांवर लावायचे आवाज अडवणारे हेडफोन, आवडीची वस्तू असे सगळे सोबत असावे. मुलाला दाखल करावे लागले तर घरातले कुणीतरी सोबत राहते. त्या मुक्कामात पालकांना जे शिकायला मिळते ते बाहेरच्या थेरपीच्या तासात मिळत नाही, म्हणून डॉक्टरांनी सुचवले तर दाखल करायला कचरू नये.

निम्हान्स हा एकमेव दरवाजा नाही. जवळच इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था आहे. कोरमंगला भागातल्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात ‘युनिट ऑफ होप’ हा विभाग आहे. त्यात वेगवेगळ्या शाखांचे तज्ज्ञ दिव्यांग मुलाला एकत्र पाहतात. आनुवंशिक कारणाची शंका असेल, किंवा दुसऱ्या मुलाचा विचार चालू असेल, तर इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्सकडे समुपदेशन मिळते. बोलणे आणि ऐकणे हा मुख्य प्रश्न असलेल्या मुलांसाठी म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था एका दिवसाच्या प्रवासात गाठता येते. बंगळुरूतच लिंगराजपुरम् भागात डॉ. एस. आर. चंद्रशेखर वाक् व श्रवण संस्था आहे. अशा शिक्षण देणाऱ्या संस्थांतील सत्रे वरिष्ठांच्या देखरेखीखाली विद्यार्थी घेतात, आणि शुल्क खाजगी केंद्रांपेक्षा कमी असते.

तपासणीत एका गोष्टीवर कुटुंबाने ठाम राहावे. चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत व्हायला हवी. घरी मराठी बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये प्रश्न विचारले तर जे मोजले जाते ते तिचे आकलन नसते, तिचे त्या भाषेतले अपरिचितपण असते. त्याचा आकडा मात्र बौद्धिक अक्षमता म्हणून प्रमाणपत्रावर चढतो. खरे तर या बाबतीत मराठी मुलांची सोय फार पूर्वी झालेली आहे. भारतात आजही वापरली जाणारी बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी 1930च्या दशकात धारवाडला तयार केली, तीच मुळी कन्नड आणि मराठी मुलांसाठी. मुलांसाठीच्या वेश्लर चाचणीचे भारतीय रूप आर्थर मालिन यांनी नागपुरात केले. सामाजिक परिपक्वता मोजणाऱ्या वाइनलँड मापनश्रेणीचे भारतीय रूपही त्यांचेच. कर्नाटकातल्या मानसशास्त्रज्ञांना ही साधने परिचित असतात. मराठी येणारा मानसशास्त्रज्ञ मिळाला नाही तर पालकांना दुभाषा म्हणून बसू द्यावे, उत्तर सुचवू देऊ नये, आणि चाचणी कोणत्या भाषेत झाली ते अहवालात लिहून घ्यावे, अशी मागणी नम्रपणे पण स्पष्ट करावी.

प्रमाणपत्र, टक्केवारी आणि कार्ड

निदान झाले म्हणजे प्रमाणपत्र मिळाले असे नाही. प्रमाणपत्र अधिकृत वैद्यकीय प्राधिकारी देतो. अर्ज यूडीआयडी पोर्टलवर भरायचा, तिथे रुग्णालय निवडायचे आणि दिलेल्या दिवशी मुलाला घेऊन जायचे, असा तो क्रम. 2018च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बौद्धिक अक्षमता सौम्य असेल तर 50 टक्के, मध्यम 75, तीव्र 90 आणि अतितीव्र 100 टक्के धरली जाते. स्वमग्नतेसाठी आयसा ही 40 प्रश्नांची भारतीय मापनश्रेणी वापरतात. लहान मुलांना बहुधा मुदतीचे प्रमाणपत्र मिळते. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी नूतनीकरणाची खटपट सुरू करावी, कारण प्रमाणपत्र संपले की विमा, सवलत, परीक्षेतील मदत सगळे एकाच दिवशी अडते.

2024मध्ये नियम बदलून कार्डावर रंगीत पट्टे आले: 40 टक्क्यांखाली पांढरा, 40 ते 79 पिवळा, 80 आणि वर निळा. 80 ही रेषा करातही दिसते. 1961च्या आयकर कायद्याच्या 80 डीडी कलमात दिव्यांग अवलंबितासाठी 75,000 रुपयांची आणि 80 टक्क्यांपुढे 1,25,000 रुपयांची वजावट आहे, पण ती जुन्या करपद्धतीत. नवी करपद्धत आपोआप निवडली जाते हे पगारदार पालकांनी लक्षात घ्यावे आणि दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. मध्यम बौद्धिक अक्षमतेला 75 टक्के मिळत असल्याने ते मूल मोठ्या वजावटीच्या रेषेखाली राहते. त्याला फिट्स किंवा सेरेब्रल पाल्सीही असेल तर एकत्रित मूल्यांकन मागणे हा त्याचा हक्क आहे.

महाराष्ट्रात मिळालेले कार्ड कर्नाटकात चालते; देशभर चालावे म्हणूनच ते काढले आहे. आधारवरचा पत्ता बदलून नंतर पोर्टलवर पत्ता बदलावा. राज्याच्या पैशातून मिळणाऱ्या गोष्टी, म्हणजे मासिक पेन्शन किंवा बसचा सवलतीचा पास, यांना मात्र कर्नाटकातील रहिवासाचा पुरावा लागतो आणि पेन्शनला उत्पन्नाची अटही असते. पेन्शनचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयात जातो, इतर बऱ्याच सेवा ‘सेवा सिंधू’ पोर्टलवर किंवा ‘बेंगळूरु वन’ केंद्रात. अर्ज कन्नडमध्ये असतात. इमारतीतला एखादा कन्नड शेजारी पहिल्या खेपेला सोबत आला तर अर्धे काम तिथेच होते.

थेरपी

थेरपीसाठी प्रमाणपत्राची वाट पाहू नये. निदान निश्चित होण्याचीही पाहू नये. तीन वर्षांचे मूल बोलत नसेल तर त्याला स्वमग्नता आहे की विकासातील सर्वसाधारण विलंब, हे ठरेपर्यंत स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) सुरू करता येते. त्यातून नुकसान काही नाही.

या क्षेत्रात बंगळुरूचा अनुभव जुना आहे. असोसिएशन फॉर द मेंटली चॅलेंज्ड ही संस्था 1960मध्ये सुरू झाली. स्वतः पोलिओग्रस्त असलेल्या एन. एस. हेमा यांनी 1959 साली असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी, म्हणजे सगळे जिला एपीडी म्हणतात ती संस्था स्थापन केली. लिंगराजपुरम् येथे तिचे मुख्य केंद्र आहे. इंदिरानगरमध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ कर्नाटक 1980पासून सेरेब्रल पाल्सी आणि इतर विकासात्मक दिव्यांगतेच्या मुलांसाठी काम करते. स्वमग्नतेसाठी ‘आशा’ ही अकादमी 1995ची. वाक्-भाषातज्ज्ञ डॉ. प्रतिभा कारंत यांनी 2000 साली सुरू केलेला कॉम डील हा शाळापूर्व वयातील मुलांसाठीचा कार्यक्रम पालकांना बरोबर घेऊन चालतो. वैशाली पै यांच्या तमाहर संस्थेत मेंदूच्या इजेमुळे अडलेल्या लहान मुलांवर काम होते.

या जुन्या संस्थांत जागेसाठी थांबावे लागू शकते, म्हणून अर्ज एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी करावा. मधल्या काळात गल्लोगल्ली उघडलेली खाजगी केंद्रे असतात. त्यांत उत्तम काम करणारी आहेत, आणि नुसत्या रंगीत भिंती असलेलीही आहेत. पारख करण्याची साधी रीत आहे. विशेष शिक्षक, चिकित्सक मानसशास्त्रज्ञ आणि वाक्-श्रवणतज्ज्ञ यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक मागावा. पालकांना सत्राच्या वेळी आत किंवा काचेपलीकडे बसू देतात का ते पाहावे. पुढच्या तीन महिन्यांचे ध्येय लेखी देतात का ते विचारावे. ‘मूल सुधारेल’ हे ध्येय नव्हे. ‘तहान लागली की चित्राकडे बोट दाखवेल’ हे ध्येय आहे. ज्या केंद्रात पालकांना घरी काय करायचे ते शिकवत नाहीत ते केंद्र कितीही नामांकित असले तरी उपयोगाचे नाही, कारण आठवड्यातले थेरपीचे तीन-चार तास सोडले तर बाकी सगळा वेळ मूल घरच्यांच्या हाती असते.

स्टेम सेल उपचाराने स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी बरी करून देण्याच्या जाहिराती इथेही भेटतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसारख्या मान्य उपचारांबाहेर स्टेम सेलचा वापर फक्त नोंदणीकृत संशोधन चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. लाखांचे पॅकेज सांगणाऱ्या ठिकाणाहून परत फिरावे.

घर घेताना थेरपीचे केंद्र आणि शाळा यांच्यापासूनचे अंतर आधी पाहावे, ऑफिसचे नंतर. व्हाइटफील्डला राहून जयनगरला थेरपीला जाणारे मूल गाडीत दमते आणि टेबलापाशी बसते तेव्हा त्याच्यात काही उरलेले नसते. इंदिरानगर आणि व्हाइटफील्ड दोन्ही मेट्रोच्या पर्पल लाइनवर आहेत. आवाज आणि गर्दी सोसणाऱ्या मुलांना मेट्रोचा प्रवास रस्त्यापेक्षा बराच बरा पडतो.

घरात मराठी राहू द्यावी

घरी मराठी, खाली खेळायला कन्नड आणि हिंदी, शाळेत इंग्रजी. या गोंधळामुळेच मूल बोलत नाही असे कुणीतरी नवागतांना हमखास सांगते आणि घरात फक्त इंग्रजी बोला असा सल्ला देते. तो मानू नये. एकाहून अधिक भाषा कानांवर पडल्याने स्वमग्न किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचा भाषाविकास मंदावतो असे अभ्यासांत आढळलेले नाही. उलट आई-आजी ज्या भाषेत सहज बोलतात तीच काढून घेतली की मुलाशी होणारे बोलणेच कमी होते. तुटक इंग्रजीत ‘कम, सिट, ईट’ एवढेच उरते. आजीची गाणी, अंगाईची लय, वरण-भाताचे घास भरवताना होणाऱ्या गप्पा हीच लहान मुलाची पहिली स्पीच थेरपी असते.

थेरपिस्टला मराठी येत नसेल तर घरात रोज लागणाऱ्या पन्नासेक शब्दांची यादी देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत करून द्यावी: पाणी, भूक, शू, नको, दुखतंय, आणखी, चल. चित्रकार्डांखाली मराठी शब्द लिहावेत. न बोलणाऱ्या मुलांसाठी मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राने बनवलेले जेलो हे मोफत ॲप मराठीतही बोलते. बोलके ॲप दिले तर मूल तोंडाने बोलणार नाही ही भीती निराधार आहे. मागणे समजले गेले की रडणे, चावणे, डोके आपटणे कमी होते, हे कोणत्याही अनुभवी पालकाला विचारावे.

शाळा

2016च्या कायद्याच्या 31व्या कलमाने 6 ते 18 वयाच्या, 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळांतल्या 25 टक्के जागांचा मार्ग मात्र कर्नाटकात 2019-20पासून अरुंद झाला. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला त्या जागा देण्याचे बंधन उरले नाही. महाराष्ट्रातील माहितीवर विसंबून या मार्गाने प्रवेश मिळेल असे धरू नये.

सीबीएसई शाळांत दोनऐवजी एकच भाषा घेण्याची, लेखनिकाची आणि दर तासाला 20 मिनिटे जादा वेळेची सवलत आहे. कर्नाटकात 2015च्या कायद्याने सर्व शाळांत कन्नड शिकवली जाते. आपल्या मुलाला त्याबाबत काय करावे लागेल, हे प्रवेशाच्या वेळीच शाळेकडून लेखी घ्यावे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची वाट अनेक कुटुंबांनी यशस्वीपणे घेतली आहे. विषय निवडता येतात आणि नोंदणी पाच वर्षे चालते, त्यामुळे मूल एका वर्षी एक-दोन विषय देऊ शकते. त्याखालच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब, क हे स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. दहावी झेपणार नसेल तर यातले एक प्रमाणपत्रही पुढे नोकरीच्या वेळी कामी येते.

हाताशी लागणारा माणूस

रोजच्या जगण्यात हात देणारा माणूस ही खरी गरज, आणि इथली व्यवस्था सर्वांत अपुरी पडते ती याच ठिकाणी. अमेरिका, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातून परतलेल्या मराठी कुटुंबांना सरकारी खर्चाने घरी येणाऱ्या मदतनिसाची सवय असते. भारतात तशी सर्वांना मिळणारी सेवा नाही. 2016च्या कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तीने तसा अर्ज करण्याची तरतूद 38व्या कलमात आहे. ती वापरावी, पण तिच्या भरवशावर घर चालत नाही. म्हणून मदत तीन प्रकारे उभी करावी लागते: घरी येणारी मदतनीस, शाळेत सोबत बसणारी शॅडो टीचर आणि दिवसभराचे केंद्र.

घरच्या मदतनिसासाठी एजन्सीपेक्षा विशेष शाळांतील मावशी, थेरपी केंद्रांतील सहायक आणि इतर पालक यांच्याकडे विचारणा जास्त फळते. पुनर्वास परिषदेचा काळजीवाहकांसाठीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेली व्यक्ती मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास शांत स्वभावाची, घाई न करणारी बाई किंवा गडी शोधावा आणि त्याला घरीच शिकवावे. मदतनिसाची ओळखपत्रे घ्यावीत आणि पोलिस पडताळणी करून घ्यावी. पहिले दोन आठवडे पालकांपैकी एकाने सोबत राहावे. आंघोळ, कपडे, शौचालय ही कामे कोण करणार आणि दार कितपत उघडे राहणार याचे नियम पहिल्याच दिवशी सांगावेत, मोठ्या होत चाललेल्या मुलीच्या आणि मुलाच्याही बाबतीत. ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही त्याच्या शरीराची जबाबदारी दुप्पट असते.

मदतनिसाला बहुधा कन्नड, तमिळ, तेलुगू किंवा हिंदी येते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर चित्रांसह एक तक्ता लावावा: उठणे, दात, नाश्ता, औषध, फेरफटका, झोप. फिट आली तर काय करायचे ते त्यावर ठळक असावे. कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे, पाच मिनिटांपुढे गेली तर 112ला फोन करावा. पगार बाजारभावाने आणि वेळेवर द्यावा, आठवड्याची सुट्टी द्यावी. चांगली मदतनीस सोडून जाते ती बहुधा पगारामुळे नाही, तर कामात एकटी पडल्यामुळे. तिच्याकडे मूल सोपवून घरचे मोकळे झाले की ते घडते.

शॅडो टीचर बऱ्याच खाजगी शाळा मागतात आणि खर्च पालकांवर टाकतात. तिचे काम मुलाला वर्गापासून वेगळे काढण्याचे नाही, वर्गात मिसळवण्याचे आहे. सहा महिन्यांनी तिची गरज कमी होते आहे का, हा प्रश्न शाळेला विचारत राहावे.

मूल हात सोडून निघून जाणारे असेल तर नव्या सोसायटीत पहिल्याच आठवड्यात गेटवरच्या सुरक्षारक्षकांना त्याची ओळख करून द्यावी, फोटो द्यावा, आणि हातात फोन क्रमांक असलेला पट्टा घालावा. हरवलेल्या मुलासाठी 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

सतत काळजी घेणाऱ्या माणसालाही श्वास घ्यावा लागतो. राष्ट्रीय न्यासाच्या समर्थ योजनेत काही दिवसांच्या निवासाची कल्पना आहे. त्याची सोय कुठे चालू आहे हे न्यासाकडे नोंदणी असलेल्या राज्यातील संस्थांकडे विचारावे. मन थकले असेल तर टेलिमानस ही 14416 क्रमांकावरची मोफत सेवा मराठीतही बोलते. त्या सेवेची शिखर संस्था निम्हान्सच आहे.

इतर पालकांपर्यंत पोहोचणे हीसुद्धा थेट मदतच. गांधीनगरमधले महाराष्ट्र मंडळ हे मराठी माणसे भेटण्याचे जुने ठिकाण. तिथे विचारले तर आपल्यासारखे एखादे घर सापडते. पालकांच्या संघटनांचा राष्ट्रीय महासंघ ‘परिवार’ 1995मध्ये स्थापन झाला, त्याचे केंद्र याच शहरात आहे. कर्नाटक पालक संघटना, जी केपीएएमआरसी या नावाने ओळखली जाते, तिच्याकडे कचेऱ्यांची इत्थंभूत माहिती असते.

विमा आणि नोकरी

निरामय विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, त्याआधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत धरला जातो. रुग्णालय ठरावीक यादीतलेच हवे अशी अट नाही. अर्ज न्यासाच्या नोंदणीकृत संस्थेमार्फत करता येतो. विमावर्ष एप्रिल ते मार्च असते, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच नूतनीकरण करावे. 2023मध्ये विमा नियामकाने सर्व आरोग्य विमा कंपन्यांना दिव्यांगांसाठी पॉलिसी देणे बंधनकारक केले. ‘आम्ही देत नाही’ हे उत्तर आता नियमात बसत नाही.

एचएएल, बीईएल, इस्रो, डीआरडीओ अशा केंद्रीय आस्थापनांतील मराठी नोकरदार इथे बरेच आहेत. दिव्यांग मुलाची काळजी घेणाऱ्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला नियमित बदलीतून सूट देण्याचा आदेश 2014चा आहे. बदलीचे पत्र हाती येण्याआधीच मुलाचे प्रमाणपत्र सेवापुस्तकाला जोडून अर्ज द्यावा. निवृत्तिवेतनाच्या कागदांतही मुलाची नोंद हयातीतच करून ठेवावी, म्हणजे पुढे कुटुंब निवृत्तिवेतन त्याला आयुष्यभर मिळू शकते.

अठरानंतर

अठराव्या वाढदिवशी आई-वडील कायद्याने नैसर्गिक पालक उरत नाहीत. मूल स्वतः निर्णय घेऊ शकत नसले तरी बँक, पासपोर्ट, मालमत्ता सगळीकडे प्रश्न उभे राहतात. राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या चार अवस्थांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. कोर्टात जावे लागत नाही. समितीवर जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. बंगळुरू शहर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी कार्यालय केंपेगौडा रस्त्यावरच्या कंदाय भवनात आहे. सतराव्या वर्षीच कागद जमवायला लागावे. समितीने दिलेल्या पालकत्वाच्या प्रमाणपत्रावर बँकेत खाते उघडता येते. रिझर्व्ह बँकेने बँकांना तसे 2007मध्येच कळवले आहे, शाखेत कुणाला माहीत नसेल तर ते दाखवावे.

आई-वडिलांनंतर भावंड पालक होईल असे बहुतेक मराठी घरांत गृहीत धरलेले असते, आणि ते भावंड अनेकदा परदेशी असते. पालक भारताचा नागरिक असावा लागतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलाचे किंवा मुलीचे नाव त्यामुळे चालत नाही. पुतणी, भाचा, विश्वासू स्नेही असा दुसरा माणूस वेळेत तयार करावा लागतो. ज्याला नेमायचे त्याने आधी काही वर्षे त्या व्यक्तीसोबत वेळ घालवलेला असावा, नुसते नाव कागदावर असून भागत नाही. मृत्युपत्रात मालमत्ता थेट दिव्यांग मुलाच्या नावे करण्याऐवजी न्यास (ट्रस्ट) करावा की नाही, हे वकिलाशी बोलून ठरवावे.

कामाच्या बाबतीत बंगळुरू बऱ्याच शहरांच्या पुढे आहे. 1999ची इनेबल इंडिया प्रशिक्षण देऊन नोकरी मिळवून देते. त्याच वर्षी सुरू झालेले दिया फाउंडेशन बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना व्यवसाय शिकवते. एपीडीचे उद्यानकामाचे प्रशिक्षण प्रसिद्ध आहे. ज्यांना बसून काम नको असते आणि मातीत हात घालायला आवडतो त्यांना ते फार मानवते. 2017 साली हुबळीत सुरू झालेल्या मिट्टी कॅफेची दुकाने आता बंगळुरूत ठिकठिकाणी आहेत आणि तिथे दिव्यांग व्यक्तीच काम करतात. यांतल्या कुठेही जाण्यासाठी लागणारी कौशल्ये चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून घरीच रुजवावी लागतात: वेळेवर तयार होणे, पैसे ओळखणे, ‘नाही’ म्हणणे, कंटाळा आला तरी काम पुरे करणे.

कायमच्या निवासाच्या जागा मोजक्या आहेत. 1970 साली बंगळुरूत सुरू झालेले आशा निकेतन हे देशातील अशा पहिल्या सहनिवासांपैकी. तिथे बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले एकत्र राहतात. महाराष्ट्रात परतण्याचा विचार असेल तर पालकांनीच उभारलेल्या बदलापूरच्या ‘आधार’सारख्या संस्था पाहून याव्यात. कोणतीही जागा निवडण्याआधी मुलाला तिथे दोन-चार दिवस, मग दोन आठवडे ठेवून पाहावे, आणि हे आई-वडील धडधाकट असतानाच करावे. निवास कुठेही असो, कायदेशीर पालक नेमला गेल्यावर त्याला सहा महिन्यांच्या आत मुलाच्या मालमत्तेची यादी स्थानिक समितीला द्यावी लागते आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.